काळ्या बेटावरचा मुक्काम

मित्रांनो, शाहपूरच्या रस्त्याला केळीच्या बागेलगत विटांवर टेकवलेली एक बिनचाकांची मोटार तुम्ही पाहिली असेल. तुमच्यापैकी काहीजण तिच्या टपावर चढून खेळलेही असाल. ती मी. आज माझ्या पत्र्याला भोकं पडली आहेत आणि पोटात मुंगसाचं बिऱ्हाड आहे. पण एके काळी मी घर होते, चालतं-फिरतं घर.

माझा जन्म महायुद्धातला. लष्करात मी बिनतारी यंत्र घेऊन हिंडत असे. युद्ध संपलं, देश स्वतंत्र झाला आणि नको झालेल्या सामानात माझीही गणना झाली. तिथून बुऱ्हाणपूरच्या दत्तात्रय मास्तरांनी मला आणलं. ते शाळेत भूगोल शिकवत. "भिंतीवरच्या नकाशात डोंगर किती दिवस दाखवायचे? जाऊन पाहायला हवेत," असं ते म्हणत. शनवारा पेठेतल्या भाईदास मिस्त्रीने माझ्या आत लाकडी बाकं ठोकली. ती उघडली की त्यांचे पलंग होत. मास्तरांच्या पत्नी शारदाबाई यांनी स्टोव्हला कोनाडा आणि मागे एक खिडकी करून घेतली. खिडकीला त्यांनी आपल्या जुन्या लुगड्याचा पडदा शिवला. मला फार बरं वाटलं. लष्करात मला नंबर होता, पडदा नव्हता.

सुट्टी लागली की आम्ही निघायचो. असीरगडाचा पायथा पाहिला, सातपुड्याचे घाट पाहिले. गावात शिरलं की पोरं मागे धावत, "घरवाली मोटर आली रे!"

छप्पन्न सालचा उन्हाळा होता. राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या जाणार होत्या. आपण मुंबईकडे जाणार की भोपाळकडे, हेच बोलणं इतवाऱ्याच्या बाजारात चाले. मास्तर म्हणाले, "सीमा माणसं आखतात. आपण नदीने आखलेली जागा पाहू."

तापीच्या दोन धारांमध्ये काळ्या दगडाचं एक बेट होतं. उन्हाळ्यात अलीकडची धार इतकी बारीक होई की बैलगाडी पार जाई. काठाला लागून वाळू, आणि मधोमध एक टेकडी. तिचे दगड मोळी बांधून उभे केल्यासारखे, खांबांसारखे. "ही गोठलेली आग आहे," मास्तर सांगत. "पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वाहत आला आणि इथे थिजला."

काठावरच्या वाळूत उखर्डू नावाच्या शेतकऱ्याची टरबुजाची वाडी होती. आम्ही पाण्यात उतरणार, इतक्यात हातातला विळा टाकून तो आडवा आला.

"मास्तर, दिवसभर फिरा. पन तठी मुक्काम नका करू."

"का हो?"

"तठी एक बाई फिरते. मानूस नाही ते."

मास्तर हसले. शारदाबाई हसल्या नाहीत. पुढे सरकताना मी उखर्डूचा चेहरा पाहिला. तो बेटाकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

बेटावर वारा होता, पण पाखरू एकही नव्हतं. आम्ही वाळूच्या कडेकडेने पूर्ण फेरी मारली. मास्तरांनी खांबावर हातोडी मारली, की आवाज दगडाच्या आत उतरे आणि टेकडीच्या पलीकडून परत येई. दुपारी ऊन इतकं चढलं की दूरचे खांब हलताना दिसू लागले. माणसं रांगेत उभी राहून पाय बदलतात तसे. कुठूनसा धुराचा वास आला. मास्तर टेकडीवर चढून सगळीकडे पाहून आले. चूल कुठेच दिसत नव्हती. तरी रात्री आम्ही तिथेच मुक्काम केला.

मित्रांनो, लष्करात माझ्या पत्र्याला खूप हात लागले. कोणता हात घाईत आहे, कोणता घाबरलेला, हे मला स्पर्शावरून कळतं. दुसऱ्या दिवशी फटफटताना एक हात माझ्यावर टेकला. तो तापलेला होता. आणि त्याला बोटं पुरती नव्हती. तो हात हळूहळू सरकत माझ्या आरशापर्यंत गेला आणि थांबला. आत दोघं झोपले होते. मला हाक मारता आली असती तर मी मारली असती.

उजाडल्यावर शारदाबाई खाली उतरल्या आणि जागीच उभ्या राहिल्या. माझा आरसा पत्र्याकडे तोंड करून फिरवलेला होता. वाळूत पावलं उमटली होती. ती माझ्याभोवती फिरली होती, खिडकीखाली थांबली होती आणि टेकडीकडे गेली होती. त्या पावलांना अंगठे नव्हते.

"एखादं जनावर असेल," मास्तर म्हणाले.

"अहो, जनावर दोन पायांवर आलं आणि आरसा फिरवून गेलं?"

"मग आवर. परत जाऊ."

"आजचा दिवस थांबू," शारदाबाई म्हणाल्या. संध्याकाळी त्यांनी माझ्या पायरीवर भाकरी, पिठलं आणि तांब्याभर पाणी ठेवलं. पहाटे तो हात पुन्हा आला. या वेळी माझ्या पायरीवर कोणीतरी बसलं. खाताना त्या माणसाच्या घशातून असा आवाज येत होता, की मी आजही तो विसरलेले नाही.

सकाळी ताटली वाळूने घासून लखलखीत केलेली, पायरीवर पालथी घातलेली होती.

शारदाबाईंनी ती उचलून पाहिली. "भूत भांडी घासून ठेवत नाही," त्या म्हणाल्या, आणि मास्तर अडवायच्या आत पावलांच्या मागे चालू लागल्या.

त्या खांबांच्या आड दिसेनाशा झाल्या. मास्तर मागे धावले, पण खांबांमधल्या वाटांचे फाटे पाहून घोटाळले. "शारदा!" त्यांनी हाक मारली. टेकडीने ती हाक चहूकडून परत दिली. मग दगडांतून एक घोगरा आवाज आला, "जवळ नको येऊ माय, जवळ नको येऊ!"

बऱ्याच वेळाने शारदाबाई बाहेर आल्या. त्यांच्यामागे अंतर ठेवून, डोक्यावर गोणपाट ओढलेली एक बाई लंगडत येत होती. चेहरा सुजलेला, पायाला चिंध्या गुंडाळलेल्या.

"दूर ऱ्हा मास्तर," ती म्हणाली. "मले महारोग हाये."

तेवढ्यात धार ओलांडून उखर्डू धावत आला आणि वाळूत बसला. "माही बहीन हाये, सरू," तो म्हणाला. "गावानं काढून दिली. लोकं दगडं मारत होते. मग मीच सांगलं का थे नदीत बुडाली. अन् बेटावर भूत हाये असंबी मीच सांगलं, कोनी जाऊ नये म्हनून. भाकर आनून ठेवतो. पन पूर आला का मले येता येत नाही. मागच्या बरसातीत तिनं पाला उकडून खाल्ला."

सरुबाई खाली पाहत म्हणाली, "आरसा मीच फिरवला. आपलं तोंड पाहून घाबरली मी."

मास्तर एक पाऊल मागे सरले. मी पाहिलं ते. त्यांनी शारदाबाईंना बाजूला घेतलं. "वऱ्हाडात दवाखाना आहे, मला माहीत आहे. पण आपल्या गाडीतून? आईला काय सांगायचं? शाळेत काय सांगायचं?"

"नदी चढली की ही इथेच मरेल. मग शाळेत तुम्ही हे बेट नकाशात दाखवणार? कोणत्या तोंडाने?"

मास्तर माझ्यापुढे आले, इंजिन सुरू करायचं हँडल घातलं आणि फिरवलं.

वरच्या डोंगरात आभाळ काळं झालं होतं. आम्ही धारेत उतरलो तेव्हा पाणी गढूळ होऊन वाढत होतं. मध्यावर माझी चाकं वाळूत रुतली आणि इंजिन अडखळलं. मास्तर आणि उखर्डू कमरेइतक्या पाण्यात उतरून ढकलू लागले. पाणी माझ्या दारातून आत आलं. सरुबाई उठली. "मी उतरते माय. गाडी हलकी होईन." ती खरोखरच दाराशी गेली. शारदाबाईंनी तिचा हात घट्ट धरला. तोच बोटं झडलेला हात. सरुबाई त्या हाताकडे पाहत राहिली. आपल्याला कोणी धरलं आहे, हे तिला खरं वाटेना.

"बसा," शारदाबाई म्हणाल्या. "दोघी मिळून जाऊ, नाहीतर दोघी राहू."

मी आयुष्यात एवढा जोर कधी लावला नव्हता. चाक सुटलं.

दवाखान्यात तिचा पाय वाचला. नवी औषधं निघाली होती, ती तिला लागू पडली. पुढे राज्यांच्या नव्या सीमा झाल्या, दवाखाना मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. उखर्डू मात्र महिन्याच्या महिन्याला टरबूज नाहीतर केळी घेऊन जायचा. आता भूत सांगायची गरज उरली नव्हती.

माझे दिवस मात्र फिरले. मी कोणाला नेलं, हे गावभर झालं. शाळेच्या मुलांना माझ्यात बसू देईनात. भाईदास मिस्त्रीही काम निघालं की दुकानातूनच बोले, मला हात लावेना. मास्तरांच्या आई मथुराबाई म्हणाल्या, "ती मोटर माह्या गल्लीत नको." मग मी वेशीबाहेर उन्हापावसात उभी राहिले. पडदा विटला, बाकं फुगली.

एके दिवशी सकाळी मास्तर आणि शारदाबाई सरुबाईला भेटायला निघाले होते. मास्तर हँडल फिरवणार, इतक्यात काठी टेकत मथुराबाई आल्या. हातात डबा होता. कोणाशी न बोलता त्या मागून चढल्या आणि बाकावर बसल्या.

"आई?" मास्तर म्हणाले.

"पुरनपोळ्या केल्या आहेत तिच्यासाठी. गार होतील. चाल लवकर."

मित्रांनो, मी आता कुठे जाणार नाही. टपावर खुशाल खेळा, फक्त पत्रा उचकटू नका. मुंगसाची पिल्लं लहान आहेत. आणि एक ऐका. अमक्या जागी जाऊ नका, तिथे भूत आहे, असं कोणी सांगितलं, तर घाबरण्याआधी एवढंच विचारा, तिथे कोणी उपाशी तर नाही ना?