अकरा रकाने

आमच्या साहेबांना निर्णय घ्यायचा असला की ते भिंतीकडे बघतात. भिंतीवर चादरीएवढा पडदा आहे आणि त्यावर लाल, हिरवे, पिवळे आकडे. समोरच्या भिंतीला मोठी काचेची खिडकी आहे. तिच्यातून खालचा सगळा कारखाना दिसतो: खोक्यांसाठी पुठ्ठा बनवणारं लांबलचक यंत्र, कागदाची रिळं, गोंदाच्या टाक्या, काम करणारी माणसं. साहेब खुर्ची अशी लावतात की खिडकी बरोब्बर पाठीशी येते. उजेडाने पडद्यावरचं दिसत नाही म्हणे.

तीन वर्षांपूर्वी साहेब आले आणि त्यांच्या मागोमाग ही सिस्टिम आली. ती बसवायला जे तिघे आले होते ते चकाचक बूट घालून यंत्रापासून वीस पावलांवर उभे राहायचे. त्यांच्यातला मोठा आम्हाला म्हणाला, "लक्षात ठेवा, सिस्टिम निर्णय घेत नाही. निर्णय साहेबच घेणार. सिस्टिम फक्त त्यांना माहितीची मदत करते." आम्ही माना डोलावल्या. मदतीची गरज कोणाला आहे हे आम्हाला दिसत होतंच.

माझं काम सोपं आहे. पुठ्ठ्याचं यंत्र दिवसातून दोन-तीनदा थांबतं. थांबलं की ऑपरेटर एका चिठ्ठीवर लिहितो, किती वाजता थांबलं, का थांबलं, किती वाजता सुरू झालं. खाली सही, आणि दुरुस्ती झाली असेल तर ती करणाऱ्याचीही. गोंदाच्या हातांची चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेली, पण खरी. 'गोंदाचा रोलर अडकला.' 'पात्याला धार नाही.' 'पट्टा सरकला.' पाळी संपली की सगळ्या चिठ्ठ्या माझ्या टेबलावर येतात आणि मी त्या सिस्टिममध्ये भरते. महिन्याच्या शेवटी त्याच भरलेल्या गोष्टी भिंतीवर चढतात आणि साहेब त्यांच्याकडे बघून ठरवतात की काय करायचं.

आता गंमत अशी की सिस्टिममध्ये आपल्या मनाने कारण लिहिता येत नाही. यादीतून निवडावं लागतं. त्या बूटवाल्यांनी आमच्या आधी कुठल्यातरी फोन घेणाऱ्या ऑफिसचं काम केलं होतं. तिथली यादी त्यांनी उचलली, खाली आमची चार कारणं चिकटवली आणि बिल लावून गेले. त्यामुळे यादी उघडली की पहिलं कारण येतं, 'ऑपरेटर जागेवर नाही.' ते दाबलं की नोंद संपली. पाचवं कारण आहे, 'यंत्रातला बिघाड.' ते दाबलं की अकरा रकान्यांचं वेगळं पान उघडतं. भाग कोणता, त्याचा नंबर काय, मागच्या वेळी कधी बिघडला, दुरुस्ती कोणी केली, फोटो जोडा. एक रकाना रिकामा राहिला की पान पुढे सरकत नाही.

आणि पाळी संपल्यावर दहा मिनिटांत सगळ्या नोंदी पूर्ण व्हायला हव्यात. नाही झाल्या तर पाळीप्रमुखाच्या नावापुढे भिंतीवर लाल ठिपका.

आमच्या पाळीप्रमुखाला सगळे लगेचराव म्हणतात, कारण त्याला प्रत्येक गोष्ट लगेच हवी असते. पहिल्याच आठवड्यात दोन लाल ठिपके पडले तशी त्याची पाचावर धारण बसली. तो माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"अगं, किती वेळ लावतेस?"

"बिघाडाचं पान भरतेय. फोटो हवाय रोलरचा."

"रोलर चालू झाला, आता फोटो कसला? पहिलं टाक ना! कोण बघतंय?"

मी पहिलं टाकलं. ठिपका हिरवा झाला. दुसऱ्या दिवशीही पहिलं टाकलं. पुढे त्याला सांगावंही लागेना. यंत्र जेव्हा दोन-दोन दिवस बंद राहिलं, भागच विकत आणावा लागला, तेवढंच बिघाडात गेलं. बाकी सगळे बिघाड पहिल्यात. मला घरी लवकर जाता यायचं आणि लगेचराव मला चहा पाजायचा.

हे लिहिताना मी साहेबांना हसतेय असं वाटत असेल. हसतेच आहे. पण घरची गोष्ट सांगायची राहिली. कारखान्यातला एकुलता एक फिटर, म्हणजे यंत्र थांबलं की त्याच्या पोटाखाली शिरून ते पुन्हा चालू करणारा माणूस, माझा सख्खा मोठा भाऊ. बावीस वर्षं त्याच यंत्रावर. ही नोकरी मला त्यानेच लावून दिली आणि मी दादा-वहिनीकडेच राहते.

भिंतीने साहेबांना पहिली मदत केली ती सहा महिन्यांत. सत्तर टक्के वेळा यंत्र थांबतं ते ऑपरेटर जागेवर नसल्यामुळे, असं तिने सांगितलं. साहेबांनी ऑपरेटरांची बसायची स्टुलं काढून टाकली. बसायला मिळतं म्हणून माणसं भटकतात, हे त्यांचं निदान. बसलेला माणूस भटकतो कसा, हे विचारायची खोलीत कोणाची छाती नव्हती. पन्नाशीची माणसं आठ-आठ तास उभी राहू लागली. यंत्र पूर्वीइतकंच थांबत होतं, कारण रोलरला स्टुलाशी काही देणंघेणं नव्हतं.

तेव्हा दादा घरी जेवताना साहेबांच्या नावाने बोटं मोडायचा. "कोण गाढव याला सांगतं की माणसं जागेवर नसतात? मी यंत्राखाली असतो, ती माझ्या डोक्याशी बॅटरी धरून उभी असतात!" मीही म्हणायची, "हो ना, गाढवच." आणि आणखी एक पोळी वाढून घ्यायची.

मग या वर्षीची मोठी बैठक आली. गुरुवारी, अकरा वाजता. मी अशा बैठकांना असते, कारण साहेबांना पडद्यावरचं पान उलटता येत नाही. माहितीवर कारखाना चालवणारा माणूस, पण बटण मी दाबायचं. ते "बाई, पुढे" म्हणतात आणि मी पुढे जाते.

"बाई, पुढे."

पान आलं. बिघाड: दोन टक्के. हिरवंगार.

"बघा," साहेब लगेचरावाला म्हणाले, "वर्षात फक्त अठरा बिघाड. अठरा! आणि त्यासाठी आपण पूर्ण वेळचा फिटर ठेवलाय. तो उरलेले दिवस करतो काय?"

लगेचराव स्वतःच्या बुटांकडे बघू लागला.

"मालकांनाही आकडे पटलेत. फिटर हे पद सोमवारपासून बंद. लागेल तेव्हा बाहेरून बोलवायचा. आकडे बोलतात, आपण फक्त ऐकायचं असतं. बाई, पुढे."

आकडे बोलत नाहीत, मी त्यांच्या तोंडून बोलते, हे त्या क्षणी सांगायला हवं होतं. खिडकी समोरच होती. खाली यंत्र थांबलेलं होतं आणि दादाचे दोन पाय यंत्राखालून बाहेर आलेले मला स्वच्छ दिसत होते. साहेबांना मान वळवायची होती फक्त. मी बटण दाबलं आणि पुढचं पान आणलं.

घरी मी काही बोलले नाही. दादा मजेत होता, त्या दिवशी त्याने रोलर चौदा मिनिटांत सोडवला होता.

शुक्रवारी मी जुन्या चिठ्ठ्या काढल्या. कागद तीन वर्षं जपून ठेवायचा असा नियम आहे, कशासाठी ते कोणाला माहीत नाही. एकाच वर्षाच्या मोजल्या. नऊशे बारा. बिघाडात टाकलेल्या अठरा सोडून त्यातल्या सहाशे चाळीस चिठ्ठ्यांवर दुरुस्ती लिहिलेली, खाली दादाची वाकडी सही, आणि त्या प्रत्येकीचं मी 'ऑपरेटर जागेवर नाही' करून टाकलं होतं. शनिवारी सकाळी आमच्याच कारखान्याच्या खोक्यात त्या भरल्या आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. सगळं सांगितलं. यादी, अकरा रकाने, लाल ठिपका, सगळं.

साहेबांनी खोक्यात बघितलंसुद्धा नाही.

"यातलं सिस्टिममध्ये किती आहे?"

"काहीच नाही, साहेब. तेच तर सांगतेय."

"मग मी यावर निर्णय कसा घेऊ?"

"साहेब, ही खरी कारणं आहेत. भिंतीवरची खोटी आहेत."

ते खुर्चीत जरा पुढे सरकले. मला वाटलं, उजेड पडतोय. मग म्हणाले, "म्हणजे स्टुलं काढली ते चुकलं? मालकांना तीन वर्षं पाठवलेले अहवाल चुकले? बाई, एवढं सगळं चुकीचं असू शकत नाही. तेव्हा तुमच्या चिठ्ठ्याच कुठेतरी चुकल्या असणार."

मी आयुष्यात मठ्ठ माणसं पुष्कळ पाहिली आहेत. पण आपला मठ्ठपणा असा इस्त्री करून अंगावर घालणारा हाच एक. कीव यावी इतकाही तो साधा नव्हता. त्याला सगळं कळलं होतं. त्याने लगेचरावाला आणि दादाला वर बोलावलं.

"पाळीप्रमुख, ह्या म्हणतात की बिघाड दडवायला तुम्ही सांगितलंत."

"मी?" लगेचराव लगेच म्हणाला. "मी कशाला सांगेन? नोंदी त्या करतात."

दादाला अजून काही समजलं नव्हतं. कपाळाला ग्रीस, हातात फडकं. साहेबांनी ड्रॉवरमधून कागद काढून त्याच्यापुढे सरकवला: वर्षात बिघाड अठरा, म्हणून सोमवारपासून फिटरचं पद बंद. त्याने तो वाचला. मग खोक्याकडे त्याचं लक्ष गेलं. त्याने एक चिठ्ठी उचलली, मग दुसरी, मग मूठभर.

"ह्या माझ्याच आहेत की," तो म्हणाला. "साहेब, हे बघा ना, हे सगळं मी केलंय. अठरा कुठले?" मग माझ्याकडे वळला. "तू काय म्हणून भरलंस हे?"

मी सांगितलं.

"ऑपरेटर जागेवर नाही?"

"हो."

"प्रत्येक वेळी?"

"दादा, त्याला एका बटणात होतं. दुसऱ्याला पान उघडतं, अकरा रकाने..."

त्याने हातातल्या चिठ्ठ्या खोक्यात परत ठेवल्या, कडा जुळवून. "माणसं माझ्याशेजारी उभी होती गं," एवढंच म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

वहिनी त्या दिवशी म्हणाली, "वन्सं, साहेबांनी काढलं असतं तर मी साहेबांना शिव्या दिल्या असत्या." पुढचं तिने बोलायची गरज नव्हती. दादा तर बोलायचाच बंद झाला. मीठ हवं असलं तरी वहिनीला सांगायचा, आणि मीठ माझ्यासमोर असायचं.

कारखान्यात दादा नसताना पहिल्याच मंगळवारी रोलर अडकला. फोन केला. बाहेरचा फिटर साडेचार तासांनी आला आणि आल्यावर विचारू लागला, रोलर कुठे असतो. साहेबांनी भिंतीकडे बघून ऑपरेटरांच्या पायाखाली वजन ओळखणारी फळी बसवायचं ठरवलं, म्हणजे माणूस जागेवर आहे की नाही ते भिंतीला आपोआप कळेल. फळी आली. ऑपरेटरांनी तिच्यावर गोंदाच्या भुकटीचं पोतं ठेवलं. भिंतीला आता सगळे जागेवर दिसतात आणि साहेब खूश आहेत.

मी मात्र त्या मंगळवारपासून पाचवं कारण दाबते. लगेचरावाच्या नावापुढे रोज लाल ठिपका पडतो. तो येऊन पाया पडतो, ओरडतो, आईबापाची शपथ घालतो. मी त्याच्याकडे न बघता रकाने भरते. मला काढतील तेव्हा काढतील.

काल संध्याकाळी घरी आले तर दादा स्वयंपाकघरात वहिनीचं शिलाई मशीन उघडून बसला होता. स्क्रू बशीत काढून ठेवलेले. मी चप्पल काढत होते. पाच आठवड्यांत पहिल्यांदा तो मला म्हणाला,

"आज थांबलं?"

"थांबलं. पट्टा सरकला."

"किती वेळ?"

"पावणेतीन तास."

त्याने मान हलवली. पट्टा त्याच्या हाताखाली वीस मिनिटांवर कधी गेला नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

"कारण काय टाकलंस?"

"खरं टाकलं. बिघाड."

"अकराही रकाने भरलेस?"

"भरले. दुरुस्ती कोणी केली, तिथे अजून तुझंच नाव येतं. यादीत दुसरं कोणी नाही, आणि नाव टाकल्याशिवाय पुढे जात नाही."

तो हसेल असं मला वाटलं. त्याने बशीतला एक स्क्रू उचलला, डोळ्यांजवळ धरून पाहिला.

"किती वेळ लागतो गं ते पान भरायला?"

मला खोटं बोलता आलं असतं. तास लागतो म्हणाले असते, तरी त्याला कुठून कळणार होतं.

"नऊ मिनिटं," मी म्हणाले.

"नऊ," दादा म्हणाला, आणि तो स्क्रू त्याच्या जागी बसवू लागला.