तक्रार नाही

मी एक तक्रारपेटी. चेन्नईजवळच्या तांबरमच्या पुढे स्प्रिंगा बनवणारा एक कारखाना आहे, तिथे स्टोअरबाहेरच्या भिंतीवर असते. भिंतीवरच्या वस्तूला कुणी काही विचारत नाही, म्हणून मीच सांगते.

माल पाठवायच्या खोक्यांच्या फळ्यांतून सुताराने मला केलं. ते साल दोन हजार चार. एका परदेशी गिऱ्हाइकाने कागदावर विचारलं होतं, ‘कामावरच्या बायकांचा छळ होऊ नये म्हणून तुमचं धोरण आहे का?’

“शनिवारपर्यंत करा,” मालक बालाजीराव म्हणाले.

टायपिस्ट हरिप्रियाने दुसऱ्या कंपनीचं धोरण समोर ठेवून टाइप केलं. दोन ठिकाणी त्या कंपनीचं नाव तसंच राहिलं. समितीची नावं नोकरीच्या वर्षांवरून भरली. अध्यक्ष, स्टोअरच्या सकवारबाई, एकोणीस वर्षं. सदस्य, कारखान्याचे मॅनेजर पद्मनाभसर, बावीस वर्षं. दोघांच्या सह्या झाल्या की काम पुरं. माझी किल्ली सकवारबाईंनी कमरेला खोचली. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

जूनमध्ये माझ्या फटीतून पहिला कागद पडला. टाकणारा हात मी ओळखला आणि हबकले. तो सकवारबाईंचाच होता.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्यांनी मला उघडलं. मला वाटलं, आता त्या कागद घेऊन कुठेतरी जातील. त्यांनी तो उभ्याउभ्या वाचला, त्याच घड्या घातल्या आणि परत माझ्यात टाकला. रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘तक्रार नाही.’ खाली पद्मनाभसरांनी सही केली. पुढच्या महिन्यातही तेच. त्याच्या पुढच्याही.

ऑक्टोबरात आयुधपूजा आली. त्या दिवशी इथे यंत्रं चालवत नाहीत. प्रत्येक वस्तू उघडून पुसायची, चंदन-कुंकू लावायचं. हरिप्रिया चंदनाची वाटी घेऊन माझ्यापर्यंत आली.

“सकवारबाई, किल्ली द्या की,” बालाजीराव म्हणाले. “लेथ पुसलं, तराजू पुसला, ह्या पेटीनं काय पाप केलंय?”

“रिकामीच आहे, मालक. वरून पुसलं तरी चालेल.”

“रिकामी तर उघडायला काय झालं?”

त्यांनी कमरेची किल्ली काढून दिली. दार उघडलं आणि कागद फरशीवर पडला. पद्मनाभसरांनी तो उचलला.

“कँटीनचं सांबार पातळ असतं म्हणून लिहिलं असेल,” ते म्हणाले. सगळे हसले. त्यांनी कागद उलगडला आणि लगेच खिशाकडे नेला. बालाजीरावांनी हात पुढे केला. त्यांना पत्रं मोठ्याने वाचायची सवय.

“स्टॉक मोजताना पद्मनाभसर स्टोअरचं दार लावून घेतात. नको म्हटलं तरी अंगाला हात...”

ते थांबले. खाली नाव नव्हतं.

“नव्या मुली,” पद्मनाभसर म्हणाले. “कामात चूक काढली की असलं काहीतरी लिहितात.”

साठ माणसांचे डोळे रेवाकडे वळले. नाशिकहून आलेली ही ट्रेनी ऑगस्टमध्येच रुजू झाली होती. तिच्या हातातल्या प्रसादाच्या बशीतून चुरमुरे सांडत होते आणि तिला ते कळत नव्हतं.

सकवारबाई तराजूपाशी उभ्या होत्या.

“त्या पोरीकडं बघू नका,” त्या म्हणाल्या. “अक्षर माझं आहे.”

हरिप्रिया वाटी धरून तशीच उभी राहिली.

“सकवारबाई, मला तरी सांगायचं,” बालाजीराव म्हणाले.

“तक्रार अध्यक्षाकडं द्यायची, असं धोरणात लिहिलंय, मालक. दिली की. मलाच.”

“मग पुढं का नाही नेली?”

“पुढं न्यायला ह्यांची सही लागते.” त्यांनी पद्मनाभसरांकडे बोट केलं.

त्या दिवशी पूजा अर्धीच राहिली.

दुसरं धोरण करायला पाच आठवडे लागले. हरिप्रियाने ते कुठून उतरवलं नाही. कँटीनमध्ये एकेका बाईशेजारी बसून तिने विचारलं, कुणाला सांगायला भीती वाटते, कुणाला सांगता येईल. एग्मोरहून एक वकीलबाई समितीवर आल्या. पद्मनाभसरांना चौकशीपुरतं घरी बसवलं. सकवारबाई समितीपुढे चार तास बोलल्या. बाहेर दोघंजण म्हणत होते, “ह्या वयात कशाला हे?” ते त्यांनी ऐकलं आणि पाणी पिऊन त्या परत आत गेल्या. पद्मनाभसरांची नोकरी गेली. बावीस वर्षांच्या माणसाला असं कसं काढलं, म्हणून काहीजण सकवारबाईंशी अजून बोलत नाहीत.

आता मला दर सोमवारी समितीतल्या तिघींसमोर उघडतात. पण मला स्वतःचाच बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही. चार महिने मी तो कागद पोटात घट्ट धरून ठेवला आणि मला वाटत राहिलं, आपण आपलं काम चोख करतोय.

माझ्यात कागद नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजू नका. एखादी बाई माझ्यासमोर थोडा वेळ उभी राहते आणि तशीच वळून जाते. मला तिला हाक मारता येत नाही. तुम्हाला येते.