गल्लीतून गाडी जाते का?

कचऱ्याची गाडी चालवणाऱ्या मामांनी सव्वीस वर्षांत कुणाच्या सायकललाही धक्का लावला नव्हता. लागला तो नेमका बिल्डरच्या नव्याकोऱ्या मोटारीला, आणि तोही नखाएवढा. मोटार वळणावर, तोंड रस्त्यात काढून उभी होती. पण ऐकून कोण घेतो? बिल्डरने भर गल्लीत मामांना खाली उतरवलं, त्यांच्याच रुमालाने ओरखडा पुसायला लावला आणि वर म्हणाला, "डोळे घरी ठेवून येतोस का रे?" वयाने तो मामांच्या मुलाएवढा. त्याच्या तक्रारीवरून आठवड्याभरात मामांच्या हातातलं स्टिअरिंग गेलं आणि पाण्याचा पाइप आला. दोन वर्षं ते नगरपालिकेच्या आवारात दुसऱ्यांच्या गाड्या धूत होते. पण तो 'रे' काही कानातून निघत नव्हता.

मग त्याच बिल्डरने त्याच गल्लीच्या टोकाला सात मजली इमारत बांधायचं काढलं. आहेत त्या गाड्या लावताना मारामाऱ्या, शाळेच्या वेळी रोजची कोंडी. त्यात आणखी साठ बिऱ्हाडांच्या गाड्या काय डोक्यावर घ्यायच्या? घराघरातून हरकती गेल्या. बिल्डरने जाडजूड अहवाल पुढे केला : दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असल्या तरी मोठं वाहन वळणावरून सहज जातं.

गल्लीतल्या गणिताच्या निवृत्त बाई तो अहवाल घेऊन मामांकडे आल्या. मामांनी हात पँटला पुसले, नकाशातलं वळण नीट न्याहाळलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा हसले.

सुनावणीला ते शेवटच्या रांगेतून उठले. "साहेब, कागदावर गाडी कशीही वळते. खरी आणू या."

"चालवणार कोण?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मी. एका दिवसाची परवानगी द्या."

बिल्डर फिसकन हसला. "हा? ह्याने माझी गाडी ठोकलेली आहे."

"म्हणून तर म्हणतो," मामा शांतपणे म्हणाले. "नकाशात वळणावर मोटार दाखवलीय ना, तिथे तुमचीच लावा. अहवालावर भरवसा आहे ना तुमचा?"

सगळ्या खोलीचे डोळे बिल्डरकडे वळले. आता नाही म्हणायची सोय नव्हती.

गुरुवारी दहा वाजता गल्लीच्या दोन्ही कडांना गाड्या लागल्या. बाई टेप घेऊन हजर होत्या, गच्च्यांवर माणसं होती. मामा चढून बसले, सीट पुढे ओढली आणि इतक्या हळू निघाले, की लोकांनी श्वास रोखले. वळणावर चाक फिरलं. कचरागाडीची पोलादी कड बिल्डरच्या मोटारीच्या दारापासून चार बोटांवर आली, मग दोन बोटांवर. तिथे मामांनी ब्रेक लावला, काच खाली केली आणि बिल्डरकडे पाहिलं.

"येऊ का पुढे?"

बिल्डरच्या कपाळावर घाम फुटला.

"तुमचा अहवाल म्हणतोय सहज जाते. येतो मग." आणि मामांनी गाडी वीतभर पुढे घेतली. बोटभर जागा उरली.

"थांबा! थांबा म्हणतो ना! नाही जाणार!"

"काय म्हणालात? इंजिनच्या आवाजात ऐकू नाही आलं."

"अहो मामा, नाही जाणार ती! घासेल!" बिल्डर गल्लीभर ऐकू जाईल असा किंचाळला. अधिकाऱ्यांनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले.

इंजिन बंद करून मामा सावकाश उतरले. 'अहो' ऐकलं होतं त्यांनी. ते मोटारीभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "बघून घ्या, ओरखडा नाही. नाहीतर उद्या पुन्हा तक्रार कराल."

महिन्याभरात सातचे तीन मजले झाले आणि गाड्यांसाठी तळघर सक्तीचं झालं. मामांना स्टिअरिंग काही परत मिळालं नाही; ते आवारातूनच निवृत्त झाले. पण त्या गुरुवारी घरी येऊन ते दोन वर्षांत जेवले नव्हते तेवढे जेवले.

"खरंच जात नव्हती का हो गाडी?" बायकोने विचारलं.

"एकदा मागे घेऊन चाक पुन्हा फिरवलं असतं, तर आरामात गेली असती."

"मग घेतली का नाही?"

"घ्यायची नव्हती," मामा म्हणाले आणि त्यांनी ताट पुढे केलं.