बर्फ वितळत होता

मित्रांनो, मी एक जुनी निळी पिशवी आहे, औषधे थंड ठेवण्याची. कारखान्यात माझ्या पोटात चंदेरी अस्तर शिवले, तेव्हा वाटले, आपण मोठ्या दिमाखात मिरवणार. प्रत्यक्षात सहलींना सरबताच्या बाटल्या वाहिल्या आणि चेन बिघडताच माळ्यावर जाऊन पडले. माझी आठवणही कुणाला उरली नाही.

मग त्या घरचा मुलगा दूर देशी आजारी पडला. त्याचे औषध तिकडे मिळेना. आईचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून शिवणकाम करणारी मावशी निघाली. तिने मला नवी चेन लावली.

"कुप्यांना बर्फ टेकू देऊ नकोस, आणि वितळूही देऊ नकोस," आई म्हणाली.

"म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!" मावशी हसली.

प्रवासात त्यानंतर ती हसली नाही. वाटेत विमान बदलायचे होते आणि पहिले विमान उशिरा पोचले. मावशी मला छातीशी धरून धावली. पण दार बंद झाले होते. काचेपलीकडे आमचे दुसरे विमान मागे सरकत होते. मला खांद्याला अडकवून ती काउंटरकडे वळली.

काउंटरवरचा कारकून म्हणाला, "पुढचं विमान उद्या सकाळी."

"बरं," म्हणून ती बाजूला झाली. औषधाबद्दल चकार शब्द नाही! साहेबासमोर तिची जीभ टाळ्यालाच चिकटायची.

खुर्चीवर बसून ती घडोघडी माझी चेन उघडून बघू लागली. दर वेळी गरम हवा आत शिरे. उघडू नकोस ग, असे मला ओरडून सांगायचे होते. माझ्या अस्तरावरून पाणी ओघळू लागले होते.

शेवटी तिने बहिणीला फोन लावला. "अक्का, चुकलं ग विमान! बाहेर जाऊन दुसरं तिकीट काढू का?"

"वेडी आहेस का? दोन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत, उशीर कंपनीचा झालाय. पोचवणं त्यांचं काम. पिशवी काउंटरवर ठेव आणि बोल!"

"मला भीती वाटते."

"मलाही वाटते. जा."

मावशी उठली. "जरा पुढे जाऊ द्या हो, औषध आहे," म्हणत रांगेतून वाट काढली. कुणी कुरकुरले. तिने मला काउंटरवर ठेवले. "साहेब, ह्यात माझ्या भाच्याचा जीव आहे. उद्यापर्यंत बर्फ टिकायचा नाही."

"अहो मावशी, मघाशीच का नाही बोललात?" कारकुनाची बोटे भराभर चालली. "दुसऱ्या कंपनीचं विमान आहे, आत्ताच. एकच जागा उरलीय. बसवतो तुम्हाला."

समोरच्या सरबताच्या दुकानातून त्याने बर्फही मागवला. मावशीने आपल्या ओढणीत कुप्या गुंडाळल्या, मगच तो आत ठेवला.

विमानात मी तिच्या पायांशी होते. तिचा डोळा लागला नाही, माझ्या पोटातली धास्तीही गेली नाही. कुप्या तापल्या असतील तर?

दवाखान्यात नर्सने माझ्या आत तापमापक घालून पाहिला. मावशी वाकून बघू लागली.

"थंड आहेत. चालतील."

मावशी तिथेच फरशीवर बसली.

"मावशी, खाली का बसलीस?" भाच्याने खाटेवरून विचारले.

"पाय म्हणाले, आमचं काम झालं."

मित्रांनो, वाटेत अडकलात तर घाबरा, पण गप्प राहू नका. तुमची नड समोरच्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. आणि माझ्यासारखीला ओली तशीच मिटून माळ्यावर टाकू नका. नीट वाळवून ठेवा. कुणाच्या घरी कधी धावत निघायची वेळ येईल, सांगता येत नाही.