अकरा नंबरचे पडदे

"शर्यतीच्या गाड्या सुरू झाल्या की भिंत ठोकून काही उपयोग नाही, हिल्के. तुला माझं ऐकू येणार नाही आणि मला तुझं. येऊन बघत जा," असं ओपा केऊर म्हणाले होते. मी हसले. "ओपा, मधे एकच तर भिंत आहे! कुठे जाणार आहोत आम्ही?"

अख्खी गल्ली त्यांना ओपा म्हणते, म्हणजे आजोबा. वय ब्याऐंशी, अकरा नंबरात एकटे. आमच्या झांडफोर्ट गावच्या मोटारशर्यतीच्या सर्किटवर चाळीस वर्षं झेंडे दाखवले आणि निम्मे कान तिथेच ठेवून आले. त्यांचं आणि आमचं घर एकमेकांना चिकटून. त्यांनी भिंतीवर दोनदा ठोकलं की माझा नवरा सित्से जाऊन बरणी उघडून द्यायचा, नाहीतर दिवा बदलून यायचा.

आमच्याकडे सकाळी आठनंतर कुणाचे पडदे बंद दिसले, की शेजारी बेल वाजवतात. कुणी कुणाला सांगावं लागत नाही. फक्त ऑगस्टअखेरच्या ग्रांप्रीच्या, म्हणजे मोठ्या शर्यतीच्या, तीन दिवसांत हे मोडतं. अर्धी गल्ली घर पाहुण्यांना देऊन बाहेरगावी जाते, आणि पाहुणे दुपारपर्यंत झोपतात.

त्या शुक्रवारी सरावाच्या गाड्या सुटल्या तेव्हा आमची लेक मारिट नऊ आठवड्यांची होती. तिच्या कानांवर आवाज रोखणाऱ्या छोट्या गाद्या होत्या, तरी दर पाच मिनिटांनी मी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत होते. अकरा नंबरचे पडदे बंद आहेत, हेही मी पाहिलं. पाहिलं, एवढंच.

सित्से आता सर्किटवर झेंड्याचं काम करतो. संध्याकाळी तो आल्यावर मी म्हटलं, "ओपा आल्कमारला लेकीकडे गेले वाटतं."

"म्हणजे घर भाड्याने दिलं? दरवर्षी शेजाऱ्यांना लोभी म्हणून शिव्या घालतो म्हातारा!"

आम्ही दोघं हसलो.

शनिवारी अकराच्या सुमारास नारिंगी शर्टातली गर्दी स्टेशनवरून येत होती. एकाने कुंपणापाशी थांबून विचारलं, "बाई, ही जुनी सायकल जरा सरकवली तर चालेल? माझी लावतो."

ती ओपांची सायकल होती. कुलूप लावलेली. त्या तीन दिवसांत गावात परवान्याशिवाय मोटार येत नाही, आणि ओपा स्टेशनपर्यंत कधीच चालत जात नाहीत. मग ते आल्कमारला गेले कसे?

मी मारिटला उचललं आणि मागच्या अंगणातून त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. मागची दारं इथे कुणी लावत नाही. ओपा फरशीवर आडवे होते, अंगात रात्रीचे कपडे, ओठ पांढरे.

"आलीस," ते म्हणाले. आवाज फाटला होता.

"कधी पडलात?"

"काल, पडदे उघडायला निघालो तेव्हा. पाणी दे आधी. चौकशी नंतर कर."

मला दोन्ही हात हवे होते. मारिटला त्यांच्या शेजारी टॉवेलवर ठेवलं. तिच्या कानांवरच्या गाद्या घाईत अंगणात कुठेतरी पडल्या होत्या. तेवढ्यात गाड्या सुटल्या आणि ती किंचाळली. मी फोनवर पत्ता ओरडून सांगत होते. वळून पाहिलं, तर ओपांनी तळहात तिच्या एका कानावर ठेवला होता आणि दुसरा कान स्वतःच्या दंडाशी दाबून धरला होता.

गर्दीतून आधी मोटारसायकलवरून परिचारक आला, मागून रुग्णवाहिका. खुब्याचं हाड मोडलं होतं. संध्याकाळपर्यंत मूत्रपिंडं गेली असती, असं डॉक्टर म्हणाले. शुक्रवारी ओपा सरकत झाडूपर्यंत पोचले तेव्हा गाड्या सुटल्या होत्या, आणि त्या धावत होत्या तोवर ते झाडूच्या दांड्याने भिंत ठोकत होते. आवाज थांबेपर्यंत दांडा घरंगळून हाताबाहेर गेला होता.

हिवाळ्यात ते काठी टेकत घरी आले. धोक्याची सूचना देणारं बटण गळ्यात घालायला तयार नाहीत. "मी काय गाय आहे?" म्हणतात. आल्कमारलाही जात नाहीत. "शर्यत सोडून? वेडी आहेस का!"

यंदा ते तीन दिवस मी मारिटला घेऊन ग्रोनिंगेनला आईकडे जाते आहे. सित्से सकाळी सहालाच सर्किटवर असेल. म्हणून, तुम्ही त्या दिवसांत आमच्या गल्लीत उतरणार असाल, तर अकरा नंबरच्या अंगणातून आत जा. परवानगी विचारत बसू नका. ते खेकसतील, खेकसू द्या. कॉफी घेतलीत का एवढं विचारा आणि मला कळवा.