मोटरीची आंघोळ

थंडीत होडीची मोटर आणि आळशी जावई, दोघांना उठवायला सारखाच जीव काढावा लागतो, असं अण्णा म्हणायचे. त्यांना जावई नव्हता, त्यामुळे कोणी मनावर घ्यायचं नाही. मोटरी मात्र पैशाला पासरी होत्या. तळ्याच्या काठावर त्यांचं पत्र्याचं वर्कशॉप, दारात पाण्यानं भरलेली दोन पिंपं, आणि पिंपांच्या काठाला अडकवलेल्या, पंख्याच्या शेपट्या पाण्यात बुडवून बसलेल्या मोटरी.

रोज सकाळी साडेआठला अण्णा यायचे. मोटरीसमोर उभे राहायचे, बाह्या मागे सारायचे, दोरीची मूठ धरायचे आणि ओढायचे. एकदाच. मोटर फुर्रर्र करून चालू. समोर चहाचे कप धरून उभी असलेली गिऱ्हाईकं माना डोलवायची. म्हणून त्यांचं नावच पडलं होतं एकझटके अण्णा.

आता खरं काय ते सांगायचं तर हा झटका दीड वर्षापासून अण्णांचा नव्हताच.

दीड वर्षापूर्वी ते शिडीवरून पडले आणि उजवा खांदा निखळला. डॉक्टरांनी बसवला, पण खांदा काही मनापासून बसला नाही. एका सकाळी त्यांच्या लेकीनं पाहिलं. ती चौतिशीची, बापाच्याच हाताखाली हे काम शिकलेली, वर्कशॉपातलं निम्मं काम तिच्याच अंगावर. अण्णांनी एका गार मोटरीची दोरी अकरा वेळा ओढली, मग पिंपामागे जाऊन भिंतीला टेकले आणि खांदा धरून उभे राहिले. डोळे भरलेले.

"काय झालं अण्णा?"

"पेट्रोल उडालं डोळ्यात. बघतेस काय, पाना दे."

तिनं पाना दिला. दुसऱ्या दिवसापासून ती साडेसहालाच यायला लागली. कुडकुडत प्रत्येक मोटर स्वतः चालू करायची, पाच मिनिटं चालवायची, बंद करायची. एकदा आतून गरम झालेली मोटर दोनेक तास तरी लाडात असते, पहिल्या हाकेला ओ देते. पण वरचं झाकण कोमट राहायचं आणि अण्णांचा हात म्हणजे थर्मामीटर. म्हणून मग ती बादलीभर गार पाणी आणि फडकं घेऊन एकेक मोटर धुवायची. आल्यावर अण्णा ओल्या झाकणावर हात ठेवायचे, गारठा लागायचा, आणि म्हणायचे, "शाब्बास! माझ्या पोरीसारखी स्वच्छता या तळ्यावर कोणाकडे नाही."

तिला तेव्हा हसू यायचं, आणि मग ती उगाचच फडकं पिळत राहायची.

सगळं नीट चाललं होतं. मग होडीमावशी आली.

होडीमावशी म्हणजे पलीकडच्या काठावरच्या शाळेत रोज सकाळी सातला बावीस पोरं नेणारी बाई. आवाज असा की भोंग्याची गरज नाही. तिची मोटर सकाळी लागत नव्हती. दुपारी लागायची, संध्याकाळी लागायची, फक्त सातच्या थंडीत मेल्यासारखी पडायची. महिन्यात तीनदा शाळेला उशीर झाला होता.

पहिल्यांदा अण्णांनी मोटर ठेवून घेतली. सकाळी ओढली, पहिल्या झटक्यात चालू. तरी प्लग बदलला, पाठवून दिली. आठ दिवसांनी मावशी परत. अण्णांनी शिळं पेट्रोल काढून नवं भरलं, कार्बोरेटर उघडून हवा मारली. सकाळी ओढली, पहिल्या झटक्यात चालू.

"मोटर ठणठणीत आहे मावशी. तुझाच हात नीट बसत नाही."

लेक बाजूला उभी राहून नखं कुरतडत होती. कारण त्या सकाळी साडेसहाला तिनं तीच मोटर बावीस वेळा ओढली होती. पहिल्या खेपेला सोळा वेळा. तेव्हा वाटलं होतं, आपलाच हात कमी पडतोय. बाविसाव्या झटक्याला तळहाताला फोड आला तेव्हा मात्र तिला कळलं, हाताचा काही दोष नाही. पण सांगणार कसं? सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं.

तिनं आडून पाहिलं. "अण्णा, चोक बघायचा का एकदा?"

"पहिल्या झटक्यात लागणाऱ्या मोटरीचा चोक? पोरी, धडधाकट माणसाला धरून इंजेक्शन देतात का?"

तिसऱ्यांदा होडीमावशी आली ती शनिवारी दुपारी, आणि आली ती तोफेसारखी.

"अण्णा, शाळेच्या कारकुनानं कागद हातात दिलाय. सोमवारी उशीर झाला तर मंगळवारपासून पोरं बसनं, तळ्याला वळसा घालून. माझी होडी बंद. दोनदा तुमच्या हातून गेली मोटर, काय केलंत? तीट लावून पाठवलीत?"

अण्णांनी तिथल्या तिथे दोरी ओढली. मोटर आत्ताच तळं ओलांडून आलेली, अंगातून वाफ निघत होती. फुर्रर्र.

"बघ. मोटर चालवायला हात लागतो. तोंडानं चालत असती तर तुझी विमानासारखी उडाली असती."

कप धरून उभे असलेले खी खी हसले. मावशी लाल झाली. "दुपारी काय हो, दुपारी माझं म्हातारं मांजरसुद्धा उठतं! सकाळी उठवून दाखवा. रात्रभर ठेवा इथे, उद्या मी येते. तुमचा हातच गेलाय, पण सांगणार कोण?"

हसणाऱ्यांनी कप तोंडाला लावले. अण्णांचा चेहरा एकदम उतरला, मग दगडासारखा झाला.

"ठेव," ते म्हणाले. "उद्या साडेआठला ये. सगळ्यांना घेऊन ये."

रविवारी साडेसहाला लेक वर्कशॉपात आली तेव्हा पिंपाच्या पाण्यावर धुकं बसलं होतं. तिनं कुलूप काढलं, दिवा लावला, सवयीनं बादली भरली. मावशीच्या मोटरीसमोर उभी राहिली आणि दोरीची मूठ धरली.

ओढली. काही नाही. दोनदा, तीनदा. नुसतीच घशात अडकल्यासारखी खर्र.

चौथ्यांदा ओढायला हात मागे घेतला आणि तो तसाच राहिला. ही मोटर मी आत्ता तापवली तर काय होईल? साडेआठला अण्णा येतील, एक झटका देतील, लोक टाळ्या वाजवतील. मावशी मान खाली घालून मोटर घेऊन जाईल. आणि उद्या सातला, बावीस पोरं होडीत बसलेली असताना, ती एकटी दोरी ओढत राहील. मंगळवारी पोरं बसमध्ये.

आणि नाही तापवली तर? अण्णा सगळ्यांसमोर ओढतील. त्या खांद्यानं.

ती पिंपाच्या काठावर बसली. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच. जे केलं ते प्रेमानं केलं, यात काही खोट नव्हती. पण त्या प्रेमानंच मोटरीचा आजार झाकला गेला होता. सकाळी आजारी, साडेआठला बरी. डॉक्टरला ताप कधी दिसणारच नाही, कारण घरातलंच कोणीतरी आधी गोळी देऊन ठेवतंय.

तिनं मूठ सोडली. बादली पिंपात ओतली आणि फडकं खुंटीला टांगलं.

साडेआठला अण्णा आले. मावशी आली, मागून पाचसहा जण कप घेऊन आले. अण्णांनी झाकणावर हात ठेवला. कोरडं.

"आज धुतली नाहीस?"

"नाही."

त्यांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग बाह्या सारल्या, चोकचं बटण बाहेर ओढलं, मूठ धरली. झटका.

खर्र.

कोणीतरी खोकलं. दुसरा झटका. तिसरा. चौथ्याला अण्णांचा उजवा खांदा वर उचलला गेला आणि तिथेच थांबला. पाचव्याला त्यांच्या तोंडून एक बारीकसा आवाज निघाला. मावशी भांडायला कंबर कसून आली होती, तिनं खोचलेला पदर सोडला आणि पुढे झाली. "अण्णा, राहू द्या हो. राहू द्या."

"बाजूला हो." सहावा.

"अण्णा!" लेक ओरडली. "नका ओढू. ती लागणार नाही. कधीच लागत नव्हती. मी रोज साडेसहाला येते आणि सगळ्या मोटरी तापवून ठेवते. हीपण दोन्ही खेपेला मीच तापवली होती. सोळा झटके, मग बावीस. तुम्हाला कळू नये म्हणून गार पाण्यानं धुवायची."

 कप घेऊन आलेल्यांना एकदम आपापली कामं आठवली. एकेक करून सगळे सटकले.

अण्णा उलट्या बादलीवर बसले. डाव्या हातानं उजवा खांदा धरला. आता लपवायला पिंपामागे जायचं कारण नव्हतं.

"किती दिवस?"

"दीड वर्ष."

"दीड वर्ष." त्यांनी मनात हिशोब केला असावा, किती सकाळी, किती शाबासक्या. "आणि मी जगाला सांगत सुटलो, माझ्या पोरीसारखी स्वच्छता..."

  मध्ये पडली ती होडीमावशीच.

"म्हणजे माझा हातपण नीट, तुमचं डोकंपण नीट, आणि लबाड निघाली ती ही!" तिनं लेकीच्या पाठीत एक धपाटा घातला, जोराचा, पण हात उचललाच नाही, तिथेच पाठीवर ठेवला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "अण्णा, माझी पोर असं माझ्यासाठी करील तर मी तिला आधी बदडीन आणि मग रडेन. तुम्ही बदडायचं उद्यावर ढकला. आज माझी मोटर बघा."

 अण्णा उठले, गुडघ्यावर हात देऊन, वय दाखवत. गेल्या दीड वर्षात त्यांनी कोणासमोर असं उठणं टाळलं होतं.

"सोळा आणि बावीस म्हणालीस?"

"हो."

"आणि एकदा लागली की दिवसभर तक्रार नाही?"

"अजिबात नाही."

"मग पेट्रोल नाही, प्लग नाही." डोळ्यात चमक आली होती. "गार असतानाच रडते. म्हणजे गार असताना जे लागतं तेच मिळत नाही तिला. झाकण काढ. टॉर्च आण. मावशी, तू चोकचं बटण धर. मी सांगेन तेव्हा ओढ. पोरी, दोरी तुझ्याकडे."

त्यांनी कार्बोरेटरच्या तोंडाशी गाल टेकवला, एक डोळा मिटला.

"ओढ बटण."

मावशीनं ओढलं.

"ओढलंस?"

"ओढलं की! बाहेर आलंय."

"बटण आलं. आतली चकती अर्धीच फिरली." अण्णांचा आवाज बदलला, त्यात जुना माज परत आला होता. "इकडे ये पोरी, बघ. ही चकती पूर्ण मिटली तर हवा अडते आणि पेट्रोल जास्त जातं. गार मोटरीला तेवढंच हवं असतं. ही उघडीच राहतेय, मग हवाच पिते बिचारी. बटणाची तार आणि चकती जोडणारी ही प्लास्टिकची कडी, चिरलीय. थंडीत आखडते, निसटते. गरम मोटरीला चोक लागतच नाही, म्हणून कोणाला कळलं नाही."

नवी कडी मिळायला चार दिवस लागले असते. अण्णांनी भंगारातून सायकलच्या चाकाची एक तार काढली, तुकडा तोडला. डाव्या हातानं पक्कड धरली, पण बाक नीट येईना. त्यांनी पक्कड लेकीपुढे केली. तिनं वाकवली, ते सांगत गेले. अजून थोडी. उलटी नको. हां. कडी बसली. बटण ओढलं, चकती टप्पकन मिटली.

मोटर अजून गारच होती. सकाळपासून एकदाही लागली नव्हती, तो एक फायदा झाला.

"ओढ," अण्णा म्हणाले. कोणाला म्हणाले ते विचारायची गरज नव्हती.

लेकीनं ओढली. खर्र. दुसऱ्यांदा मोटर खोकली. तिसऱ्यांदा निळा धूर सोडून पेटली, आणि पिंपातलं पाणी उसळून तिघांच्या अंगावर आलं. होडीमावशी अशी किंचाळली की पलीकडच्या काठावर ती घंटा समजून शाळा भरली असती. रविवार होता म्हणून बरं.

सोमवारी लेक सवयीनं साडेसहाला आली तर वर्कशॉपाचं कुलूप उघडं. अण्णा मफलर गुंडाळून बादलीवर बसलेले. दोघंही चालत धक्क्यावर गेले. होडीत बावीस पोरं मुठी तोंडाशी धरून हातांवर फुंकर घालत होती. सातला दहा कमी. मावशीनं बटण ओढलं, मूठ धरली.

पोरं मोजायला लागली. एक! दोन! आणि तीन म्हणायच्या आत मोटर लागली. होडी निघाली. मावशीनं मागे वळून पाहिलं नाही, नुसता एक हात वर केला.

"गारठ्यात दोन," अण्णा म्हणाले. "चांगली आहे."

परत आल्यावर पिंपाला आदल्या संध्याकाळी आलेली एक मोटर लटकत होती. लेकीनं नळ सोडला आणि बादली खाली धरली.

"बादली ठेव," अण्णा म्हणाले. "आजपासून आंघोळी बंद." त्यांनी खिशातून खडू काढला. "तू ओढ, मी मोजतो. जेवढे झटके तेवढा आकडा झाकणावर. आणि लोकांनी विचारलं तर सांग, हात पोरीचा, कान म्हाताऱ्याचा."

ती मोटर नऊ झटक्यांनी लागली. अण्णांनी झाकणावर मोठा नऊ काढला आणि बाजूला उभं राहून, डोकं तिरकं करून, आवाज ऐकत राहिले.