भिंतीपलीकडचा तंदूर

लग्नाला सोळा वर्षं झाली तोवर मी नऊ घरांत राहिले होते, आणि त्यातलं एकही माझं नव्हतं. आमचे हे, विश्राम पाटकर, केंद्र सरकारच्या नोकरीत. बदलीचा कागद आला की मी भांडी गोणपाटात बांधायची, पडदे उतरवायची आणि नव्या गावी जाऊन त्या पडद्यांना न बसणाऱ्या खिडक्यांकडे बघत बसायची. माझी तक्रार नव्हती असं मी म्हणणार नाही. ती मी रोजच्या रोज यांच्या कानावर घालतच होते.

चंदीगडला आलो त्र्याहत्तर साली, कलकत्त्याहून. तिथल्या ओलसर हवेत आमच्या चित्राच्या छातीचं पार खोकं झालं होतं. श्वास घेतला की शिट्टी वाजायची. इथल्या कोरड्या हवेत पोर सहा महिन्यांत पळायला लागली, गल्लीतल्या मुलींशी भांडायला लागली, आणि भांडता भांडता पंजाबी शिकली. डॉक्टरांनी बजावलं, "हिला आता इथून हलवू नका." आणि शहात्तरच्या जानेवारीत यांच्या कचेरीत कुजबुज सुरू झाली की पाटकरांची पुढची बदली गुवाहाटी. त्या आठवड्यातच आम्ही ठरवलं. हे एकटे जातील, मी आणि चित्रा इथे राहू. क्वार्टर सोडावं लागणार, तेव्हा आपलं घर घ्यायचं. घर हवं म्हणायला आयुष्यात पहिल्यांदा मला घसघशीत कारण मिळालं होतं.

सेक्टर एकवीसमधलं सचदेव मास्तरांचं घर मला पायरीवरच आवडलं. मास्तर निवृत्त झालेले, बायको वारलेली, आता दिल्लीला मुलाकडे निघालेले. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे अंगण, अंगणात पेरूचं झाड. स्वयंपाकघराला चांगली रुंद खिडकी होती. तिच्यासमोर मी उभी राहिले आणि मनात डबे लावून मोकळी झाले. साखर इथे, डाळी तिथे, लोणच्याची बरणी वरती. हे मास्तरांना ड्रेनेजबद्दल प्रश्न विचारत होते आणि माझं सामान लागलंसुद्धा.

पाच वाजले आणि खिडकीतून धूर आत आला.

मागच्या भिंतीला लागून शेजारच्या घराचं अंगण होतं. तिथे मातीचा तंदूर, कमरेएवढा उंच. एक उंच, हाडापेराने मजबूत बाई त्यात कपाशीच्या काटक्या घालून पेटवत होती. थोड्याच वेळात गल्लीतल्या बायका कणकेच्या पराती डोक्यावर घेऊन आल्या आणि भिंतीपलीकडे नुसती जत्रा भरली. मास्तरांनी सांगितलं, ही ईशर कौर. फाळणीत तिकडून आलेली, विधवा. घराचा मालक विलायतेत, ही मागच्या खोलीत राहून घर राखते. संध्याकाळी सगळ्या गल्लीच्या रोट्या भाजून देते, आणि दर डझनामागे कणकेचा एक गोळा आपल्यासाठी काढून ठेवते. तिचं पोट त्याच्यावर.

"बहुत रौनक रहती है," मास्तर कौतुकाने म्हणाले. माझं लक्ष चित्राकडे होतं. ती पेरूखाली उभी राहून खोकत होती.

घरी आल्यावर आठ दिवस आमच्यात दुसरा विषय नव्हता. धूर फक्त पेटवताना अर्धा तास असतो, असं मी म्हणायची. रोज अर्धा तास म्हणजे वर्षाला किती, असं हे म्हणायचे. मी म्हणायची, खिडकी बंद ठेवू. हे म्हणायचे, मग त्या खिडकीवर एवढा जीव का टाकतेस? शेवटी मी म्हटलं, "अहो, त्या बाईशीच जाऊन बोलू या का?"

"काय बोलणार? ओळख ना पाळख, आणि जाऊन सांगायचं, बाई, तुमची चूल विझवा?" हे म्हणाले. "आणि तोंडी बोलण्याला काय किंमत? उद्या हो म्हणेल, परवा पेटवेल. नियम काय आहे ते आधी लेखी विचारून घेऊ. मग निर्णय."

आमच्या माणसांची ही रीत मला पाठ आहे. वीस वर्षं फायलीत गेलेली माणसं शेजाऱ्याला हाक मारायच्या आधी अर्ज लिहितात. पण मी त्यांच्यावर हसले नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. परक्या बाईच्या दारात जाऊन असलं काही बोलायचं धैर्य माझ्यात कुठे होतं? यांनी चंदीगड प्रशासनाला इंग्रजीत सुंदर अर्ज लिहिला. निवासी जागेच्या मागील अंगणात सार्वजनिक स्वरूपाची भट्टी चालवण्यास परवानगी असते किंवा कसे, याचा खुलासा व्हावा. खाली ईशर कौरच्या घराचा नंबर. मी तो वाचला, आणि 'मुलीस दम्याचा विकार असल्याने' हे वाक्य त्यात घालायला मीच सांगितलं.

एरवी अशा अर्जावर सहा महिने धूळ बसली असती. पण आणीबाणीचे दिवस होते. कचेऱ्या दहाच्या ठोक्याला उघडत होत्या आणि आलेला प्रत्येक कागद त्याच आठवड्यात निकाली निघत होता. आम्हाला खुलासा आलाच नाही. पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा घर बघायला गेलो तेव्हा पाच वाजून गेले तरी धूर आला नाही. मी खिडकीतून वाकून पाहिलं. तंदूर फुटला होता. भाजलेल्या मातीचे तुकडे भिंतीशी रचून ठेवले होते, आणि त्यांच्यापाशी ईशर कौर खाटेवर नुसती बसली होती.

"किसी ने लिखके दे दिया," मास्तर म्हणाले. "नोटीस आया. तीन दिन में हटाओ. उसने कहा, दूसरा क्यों तोड़े, मैं ही तोड़ूँगी." त्यांनी भिंतीशी रचलेल्या तुकड्यांकडे बोट केलं. "मेरी घरवाली पंद्रह साल उसके साथ बैठी. पता नहीं किसके पेट में दर्द हुआ."

यांनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसत राहिले. आणि माझ्या मनात त्या क्षणी पहिला विचार काय आला, तेही सांगून टाकते. आता धूर नाही. आता घर घ्यायला हरकत नाही. असा विचार करणारी बाई मीच, हे कळायला मला बसस्टॉपपर्यंत चालावं लागलं.

त्या संध्याकाळी आमचं जोरात वाजलं. मी म्हटलं, तुमच्या अर्जाने एका बाईची भाकरी गेली. हे म्हणाले, मी तक्रार केली नव्हती, विचारणा केली होती. मी म्हटलं, तिच्या तंदूरला हा फरक समजावून सांगा. हे उठून खिडकीशी गेले. मग म्हणाले, "ते घर राहू दे. त्या भिंतीशेजारी मला राहता यायचं नाही."

"तुम्हाला कुठे राहायचंय? तुम्ही चाललात गुवाहाटीला," मी फटकन बोलून गेले. त्यांचा चेहरा इतका उतरला की मलाच वाईट वाटलं. घर सोडायची कल्पना मला सोसत नव्हती आणि घ्यायची कल्पनाही सोसत नव्हती. मार्चच्या अखेरीला ऑर्डर येणार होती. दुसरं घर आमच्या ऐपतीत दिसत नव्हतं.

रविवारी मी यांना न सांगता चित्राला घेऊन निघाले. माझी हिंदी बाजारापुरती, ईशर कौरची पंजाबी ठेठ. दुभाषी म्हणून पोरीला नेणं भाग होतं. शाळेमुळे ती हल्ली माझ्याशीही हिंदीतच बोलायची, तेवढी मला समजायची. ज्या पोरीच्या छातीपायी हे सगळं झालं तिच्याच तोंडून ते वदवायचं, हे काही मला पटत नव्हतं, पण दुसरा उपाय नव्हता. वाटेत मी तिला सगळं सांगितलं.

"मम्मी, आपने मेरा नाम लिखा?" चित्रा थांबली. "मेरी खाँसी की वजह से?"

"हो," मी म्हटलं. ती माझ्या पुढे चालायला लागली.

ईशर कौर सरसोंची भाजी निवडत होती. आम्हाला बघून तिने खाट पुढे ओढली. मी बसले नाही. मी मराठीत एकेक वाक्य म्हणत गेले आणि चित्रा मान खाली घालून पंजाबीत सांगत गेली. अर्ज आम्ही केला. तंदूर तोडावा असं म्हटलं नव्हतं. पण अर्ज आमचाच.

ईशर कौरचे हात थांबले. "तुसी?" ती म्हणाली. मग उठली, भिंतीजवळ गेली आणि पलीकडच्या मास्तरांच्या अंगणाकडे हात करून मोठ्याने बोलू लागली. चित्रा घाबरून भराभर सांगत होती. "कह रही हैं, दीवार इतनी-सी है। उधर से आवाज़ देते। मुँह नहीं था? सरकार को चिट्ठी लिखना आता है, 'बहनजी' बोलना नहीं आता?"

मी तिचे पाय धरायला वाकले तर तिने झटकन पाय मागे घेतले. तेवढ्यात चित्राला ढास लागली. रडं दाबल्यामुळे असेल. ईशर कौरने वळून पाहिलं, जवळ आली, आणि पोरीच्या पाठीवर आपला रुंद पंजा ठेवून ऐकत राहिली. बराच वेळ तशीच. मग तिने चित्राला काहीतरी विचारलं आणि चित्राने दबक्या आवाजात उत्तर दिलं.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"पूछा, कब से है। बोलीं, पता होता तो तंदूर उधर गेट के पास कर लेतीं। एक दिन का काम था।"

मी मटकन खाटेवर बसले. एक दिवसाचं काम. आमचा अर्ज लिहायलाच आम्हाला दोन दिवस लागले होते.

"आम्ही घर घेत नाही, असं सांग त्यांना," मी म्हटलं. त्या क्षणी मी ते मनापासून म्हटलं.

चित्राने सांगितलं मात्र, ईशर कौर पहिल्यापेक्षा जास्त भडकली. या वेळी दुभाष्याची गरज पडली नाही. "तंदूर गया," ती माझ्यापुढे बोट नाचवत म्हणाली. "हुण मकान भी नहीं लेणा? ते फेर टुट्टा किस वास्ते?" मग चित्राकडे बोट दाखवून म्हणाली, "कुड़ी वास्ते टुट्टा, ते कुड़ी इत्थे ही रहेगी." पोरीसाठी तुटला, तर पोर इथेच राहणार, एवढं मलाही कळलं.

"आणि तुमचं?" मी विचारलं. ती पुन्हा भाजी निवडायला बसली. चित्रा म्हणाली, "लोगों के घर जाकर रोटियाँ बनाएँगी। बोलती हैं, और क्या।"

यांना मी घरी येऊन सगळं सांगितलं. यांनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी कचेरीतून परस्पर तिच्याकडे जाऊन आले. काय बोलणं झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही.

पुढच्या रविवारी मास्तरांच्या बैठकीत इसाराचा कागद झाला. मास्तरांनाही यांनी आधीच खरं सांगितलं होतं. ते आमच्याशी कामापुरतं बोलत होते. साक्षीदार दोन लागणार होते. एक मास्तरांचे साडू आले. दुसरे समोरचे गृहस्थ येणार होते, त्यांनी निरोप पाठवला की या माणसांच्या कागदावर आम्ही सही करणार नाही. गल्लीला कळलं होतं. लिखाई करणारा पेन बंद करून बसला. मास्तर उठून अंगणात गेले, आणि थोड्या वेळाने ईशर कौर ओढणी सावरत आत आली.

तिला सही येत नव्हती. लिखाई करणाऱ्याने शाईची गादी पुढे केली. तिने अंगठा टेकवला, कागदावर दाबला. नुसता काळा डाग उमटला. त्याने पुसून पुन्हा घ्यायला लावला, तिसऱ्यांदा घ्यायला लावला. डागच. "माताजी, लकीरें नहीं आ रहीं," तो म्हणाला.

तिने अंगठा पुसून उजेडात धरला. आयुष्यभर पेटत्या मातीवर रोट्या थापून तो बोटासारखा राहिलाच नव्हता, गुळगुळीत झाला होता. ती स्वतःच हसली. आम्ही कोणीच हसलो नाही.

"चलेगा," हे म्हणाले. "मैं नाम लिख देता हूँ." यांनी आपलं पेन उघडलं. अक्षर नेहमीसारखं सुबकच आलं. माझ्या पहिल्या घराच्या कागदावर, त्या काळ्या डागाशेजारी यांनी लिहिलं, ईशर कौर. साक्षीदार कोण, या रकान्यापाशी ते थांबले आणि तिच्याकडे बघून विचारलं, "क्या लिखूँ?"

"लिख," ती म्हणाली, "पड़ोसन."

यांनी लिहिलं. आणि मी सगळ्यांदेखत तोंडाला पदर लावून रडले.